एक्केचाळीस एकर आणि एकशे आठ पानं

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींत रत्ना सोमणला सगळे जरा वचकूनच असत. बाईची नोकरीच तशी होती. ऑफिसात ती सॉफ्टवेअर टेस्ट करायची, म्हणजे दुसऱ्यांनी महिनाभर खपून लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दहा मिनिटांत काढून दाखवायची. हा उद्योग ती घरी-दारीही चालू ठेवायची. पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी श्रीखंड आणलं की वाटी हातात घेण्याआधीच विचारणार, "सावर क्रीमचं आहे ना?" आणि ते असायचंच! पण तिच्याशिवाय पॉटलक अळणी व्हायचा, हेही तितकंच खरं.

तर ह्या बाईने दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात, नीना नावाच्या मैत्रिणीच्या घरी, वीस माणसांच्या देखत जाहीर केलं, "आम्ही जंगल विकत घेतोय."

ते वर्ष कसं होतं ते आठवा. ज्याला-त्याला दुसरं घर घ्यायची खाज सुटली होती. कुणी फ्लोरिडात काँडो बुक केला होता, कुणी मॉरिसव्हिलला टाउनहाउस घेऊन भाड्याने दिलं होतं. जेवणाआधी मॉर्गेज आणि जेवणानंतर रेट, दुसरा विषय नाही. त्यात हे जंगल! नीनाच्या नवऱ्याने, अमितने विचारलं, "वाघासकट का, यार?" सगळे हसले. फक्त एक माणूस हसला नाही. तो रत्नाचा नवरा परीक्षित. त्याच्या घशात भेळ अडकली होती, कारण जंगलाची बातमी त्यालाही आत्ताच कळत होती.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "अगं, जंगल?"

"इन्व्हेस्टमेंट आहे," रत्ना म्हणाली. "पाइनची झाडं मार्केट बघून वाढत नाहीत. शेअर आपटले तरी ती वाढतात. शिवाय दीड तास ड्राइव्ह केलं की आपलं हक्काचं रान. कॅम्पिंग कर, पक्षी बघ, तुला तो वल्हवायचा कयाक घ्यायचाय तो घे."

डॉटकॉम बुडालं तेव्हा परीक्षितचे हात चांगलेच पोळले होते, त्यामुळे शेअरचं नाव निघालं की तो पुण्याचा असूनही गप्प बसायचा. आणि कयाकचं तिने बरोबर हेरलं होतं. तो विरघळला.

पण खरं कारण तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते कारण एप्रिलपासून त्यांच्याच हॉलमध्ये खिडकीशी खुर्ची टाकून बसलेलं होतं. रत्नाचे वडील, मोहनराव वानखडे.

मोहनराव मेळघाटात एकतीस वर्षं फॉरेस्ट गार्ड होते. रत्ना लहानाची मोठी झाली ती जंगलातल्या सरकारी क्वार्टरमध्ये. रोज सकाळी बाबा राउंडला जायचे आणि दुपारी परत यायचे ते कपड्यांना कुसळं आणि तोंडात बातम्या घेऊन. अस्वलाने कुठे उकरलं, कुठल्या ओढ्याचं पाणी आटलं, कुणी सागाला कुऱ्हाड लावली. मग रिटायर झाले, अमरावतीत दोन खोल्या घेतल्या, आणि बोलणंच कमी झालं. रत्ना अमेरिकेत येऊन नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे एकदाचे आले. गुडघे धरून, विमानाला शिव्या देत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळं सबडिव्हिजन, म्हणजे घरांची ती कॉलनी, पालथं घातलं. सारखी घरं, सारखं गवत, प्रत्येक घरापुढे काठीला बांधलेलं एकेक सारखं झाड. घरी येऊन म्हणाले, "ही झाडं नाहीत गं. फर्निचर आहे." त्यानंतर ते खिडकीशी बसले ते बसलेच. परीक्षित आणि रत्ना ऑफिसात, नात राधिका शाळेतून परस्पर स्विमिंगला, आणि बोलायला गेलं तर तिची उत्तरं इंग्रजीत. अहिल्याबाईंचं, म्हणजे रत्नाच्या आईचं, बरं चाललं होतं. देव होते, स्वयंपाकघर होतं, फोनवर बोलायला नीनाची सासू होती. मोहनरावांना काहीच नव्हतं.

एका सकाळी रत्ना डबा भरत असताना ते म्हणाले, "ऑक्टोबरात गेलो की माझं तिकीट पुन्हा काढू नकोस. आईचं काढ. मला इथं काही काम नाही बाप्पा."

रत्नाला आधी राग आला. आपण इतकं करतो आणि ह्यांचं हे! मग ती कपडे वाळवायच्या खोलीत गेली, ड्रायर चालू केला आणि त्या आवाजात पोटभर रडली. बाबा एकाहत्तरचे होते. ते आले नाहीत तर आपली भेट वर्षा-दोन वर्षांतून पंधरा दिवसांची, तीही पाहुण्यांच्या गराड्यात. असे किती पंधरवडे उरले असतील, हा हिशेब तिला नको होता. डोळे पुसून बाहेर आली तेव्हा तिचं ठरलं होतं. बाबांना काम नाही काय? मग त्यांना जंगलच आणून देऊ. तेही ऑक्टोबरच्या आत.

जून-जुलैचे सगळे वीकएंड त्यात गेले. एक जमीन बघितली ती निम्मी पाण्यात. दुसरीला जायला रस्ताच नाही. तिसरीवरचं लाकूड आदल्याच वर्षी तोडून नेलेलं, नुसते बुंधे. शेवटी व्हर्जिनियाच्या सीमेलगत एक जागा सापडली. एक्केचाळीस एकर. तीस एकरांत अठरा वर्षांपूर्वी लावलेले पाइन, उरलेल्यात ओढ्याकाठचे जुने ओक आणि हिकरी. मालकीण मिसेस युनिस पर्सेल, वय एक्क्याऐंशी, राहणार समोरच्याच घरात. फोनवर तिने सांगितलं की उभ्या लाकडाची क्रूझ मागच्या वर्षीच झाली आहे.

रत्नाने हे घरात सांगितलं मात्र, अहिल्याबाईंनी विचारलं, "जमिनीवर कसली क्रूझ? बोट कुठं लावतात?" परीक्षितलाही ठाऊक नव्हतं. वनतज्ज्ञ येऊन किती झाडं, किती जाडीची, लाकूड किती निघेल ह्याचा अंदाज काढतो, त्याला ह्या धंद्यात क्रूझ म्हणतात. पण तोवर आईचा नीनाच्या सासूला फोन झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिघा जणांनी रत्नाला बहामाजच्या शुभेच्छा दिल्या.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चौघं जंगल बघायला गेले. पर्सेलबाई जुन्या पिकअपला टेकून उभ्याच होत्या. काटक शरीर, पुरुषी बूट, डोळे असे की समोरच्याच्या खिशातली किल्लीही मोजतील. रत्नाला वाटलं, ही तर आपल्याच जातीची, टेस्टर!

पर्सेलबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. रॅलेहून एक शिकाऱ्यांचा क्लब आलाय, तो तुमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहे. पण मी मरेपर्यंत समोरच्या पोर्चवर बसून हीच झाडं बघणार, तेव्हा कुणाच्या हातात द्यायची ते मी ठरवीन. पुढच्या शनिवारी सांगते. मग थेट रत्नाकडे बघून म्हणाल्या, "तुला जंगलातलं काय कळतं?"

आता काय सांगणार? पाइन आणि ख्रिसमस ट्री ह्यातला फरक तिने इंटरनेटवर आदल्याच आठवड्यात वाचला होता. "माझ्या वडिलांना कळतं," ती म्हणाली. "ते एकतीस वर्षं..." आणि इथे ती अडखळली. गार्ड म्हटलं तर ह्या देशात मॉलच्या दारात उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "फॉरेस्ट ऑफिसर होते."

मोहनरावांना इंग्रजी फार येत नव्हतं, पण 'ऑफिसर' हा शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. त्यांनी लेकीकडे असं बघितलं की तिने मान फिरवली.

पण एकदा झाडांच्या आत शिरल्यावर त्यांचा सगळा नूर पालटला. हॉलमध्ये खुर्चीतून उठताना दोनदा "अरे देवा" म्हणणारा माणूस पर्सेलबाईंच्या पुढे चालायला लागला! गुडघे कुठे गेले कोण जाणे. पाइनच्या सुया चुरून वास घेतला. सालीवर नखाने खरवडलं. वाकून एक लेंडी उचलली, काडीने फोडली आणि म्हणाले, "हरीण. आजच्या सकाळचं." मग थांबून विचारलं, "इथं जाळरेषा कुठाय?" वणवा पुढे सरकू नये म्हणून झाडांमधून मोकळा पट्टा मारून ठेवतात, तो. रत्नाने भाषांतर केलं. पर्सेलबाई म्हणाल्या, नवरा होता तोवर दर वर्षी मारायचा, तो गेल्यापासून नाही. मोहनरावांनी ज्या सुरात "हं" केलं त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. रत्ना मागून चालत होती आणि तिला इतका आनंद झाला होता की पायात काय येतंय तेही दिसत नव्हतं.

दिसायला हवं होतं. कारण तेवढ्यात मागून आईची हाक आली, "अहो, इकडं या! बेल!"

हे समजायचं तर अहिल्याबाईंचं दुःख ठाऊक हवं. दुसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार होता. जन्मात त्यांनी बेलाशिवाय श्रावणी सोमवार केला नव्हता, आणि कॅरीत सगळं मिळतं, कढीपत्तासुद्धा मिळतो, बेल मिळत नाही. आठवडाभर त्यांचा जीव त्यातच अडकला होता. आणि आता समोर एका ओकच्या बुंध्यावर चढलेली, हिरवीगार, तीन-तीन पानांची शोभा!

मोहनराव मागे आले. बघितलं. "बेल झाडाला असतो. हा वेल आहे."

"अमेरिकेत सगळं उलटंच असते," अहिल्याबाई म्हणाल्या. "दिव्याची बटणं उलटी, गाड्या उलट्या बाजूनं. तर बेल वेलावर काहून नसंल?"

एरवी त्यांनी हे चालवून घेतलं नसतं. पण त्या दिवशी ते खुशीत होते, आणि खुशीत असलेला नवरा बायकोच्या हो ला हो करतो. "तीन दलं आहेत खरी," ते म्हणाले. "पण मालकिणीला विचारल्याशिवाय एक पान तोडायचं नाही." रत्नाने लांबूनच ओरडून विचारलं, आई पूजेसाठी थोडी पानं घेऊ का म्हणतेय. पर्सेलबाई तोवर पिकअपपाशी पोचल्या होत्या. त्यांनी हात हलवला, घ्या की हवी तितकी. मग काय! बेलपान अखंड लागतं, किडकं-फाटकं देवाला चालत नाही. अहिल्याबाईंनी खालची निवडून घेतली, उंचावरची मोहनरावांनी काढून दिली. मोजून एकशे आठ. पदरात बांधून.

परतीच्या वाटेवर मोहनराव एकच वाक्य बोलले. "ऑफिसर कोण होतं गं?" रत्नाने रेडिओ लावला.

सोमवारी सकाळी यथासांग पूजा झाली. अहिल्याबाईंनी नामजप करत एकेक पान स्वतःच्या हाताने पिंडीवर वाहिलं. परीक्षित एरवी देवाच्या वाटेला जात नाही. पण दिवसच तसे होते, जंगलाचं ठरायचं होतं. ऑफिसला निघताना त्याने एक पान उचललं, भक्तिभावाने दोन्ही डोळ्यांना लावलं आणि गेला.

मंगळवारी अहिल्याबाईंचे हात खाजायला लागले. बुधवारी मोहनरावांच्या कोपरापर्यंत फोड उठले. पूजेची आवराआवर करणाऱ्या रत्नाच्या गळ्यावर लाल पट्टे आले. आणि परीक्षितचे डोळे असे सुजले की ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बॉसने त्याला हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

बुधवारी संध्याकाळी सगळी वरात डॉक्टरकडे. नर्सने एका नजरेत ओळखलं, फक्त खात्री करायला विचारलं, जंगलात गेला होतात का? अहिल्याबाईंना प्रश्न कळला नाही, पण पोरीचा स्वभाव गोड वाटला. त्यांनी पर्समधून झिपलॉकची पिशवी काढली. देवापुढचं एक पान त्यांनी प्रवासात जवळ असावं म्हणून ठेवलं होतं. ते दोन बोटांत धरून त्या म्हणाल्या, "प्रसाद. प्रसाद." नर्स अशी मागे उडाली की टेबलावरची हातमोज्यांची पेटी खाली पडली.

ती पॉयझन आयव्ही होती. विषारी वेल. इथल्या पोरांना शाळेत जायच्या वयात पहिल्यांदा ओळखायला शिकवतात ती. नुसता हात लागला तरी अंगावर फोड उठतात. आणि ह्यांनी तिची एकशे आठ पानं निवडून, धुऊन, पुसून, मोजून देवाला वाहिली होती.

घरी आल्यावर रत्नाने कपाळाला हात लावला, आणि तोही खाजत होता. शनिवार तीन दिवसांवर होता. "एकतीस वर्षांचे फॉरेस्ट ऑफिसर!" ती म्हणाली. "ती बाई आपल्याला दारात तरी उभी करेल का? मी फोन करून सांगते, आजारी आहोत, पुढच्या आठवड्यात येतो. तोवर हे जाईल."

"तोवर ती क्लबाला देईल," परीक्षित म्हणाला. डोळे उघडत नसल्यामुळे तो छताकडे बघून बोलत होता.

मोहनराव दोन्ही हातांना गुलाबी लोशन फासून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "खाजेचं माझ्याकडं लागलं. मी उभा होतो तिथं, मीच तोडून दिली. ते मी बघतो. खोटं तू बोललीस. ते तू निस्तर."

रत्नाला लहानपणीसारखं वाटलं, परीक्षेत कॉपी केलेली सापडल्यासारखं. तिने फोन खाली ठेवला.

शनिवारी पर्सेलबाईंच्या पोर्चवर चौघं ओळीने बसले. गुलाबी ठिपक्यांचे हात, गुलाबी गळे, आणि परीक्षितचा काळा चष्मा. पर्सेलबाई थंड, गोड चहाचे ग्लास घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे कुठून आणलंत?"

"तुमच्याकडून," रत्ना म्हणाली, आणि धडाधड सगळं सांगून टाकलं. श्रावण, सोमवार, बेल, तीन पानं, एकशे आठ, पदर, डोळे, नर्स. पर्सेलबाईंचा चेहरा आधी नुसताच हलला. मग त्यांनी ग्लास खाली ठेवले. मग त्या पोर्चच्या पायरीवर बसल्या आणि एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांचा कुत्रा उठून अंगणात निघून गेला. मध्येच थांबून विचारलं, "धुतलीत पण?" अहिल्याबाईंनी 'वॉश' ओळखून अभिमानाने मान हलवली. झालं, पुन्हा मुरकुंडी.

रत्ना मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आणखी एक आहे. माझे वडील ऑफिसर नव्हते. मी खोटं बोलले. ते गार्ड होते." पर्सेलबाईंचं हसू थांबलं. "म्हणजे दारावरचे गार्ड नव्हेत," रत्ना घाईने म्हणाली. योग्य शब्द सापडेना. शेवटी तिने बाबांचा सरकारी कागदावरचा हुद्दा फोडून जसाच्या तसा सांगितला. वनरक्षक. वन म्हणजे जंगल, रक्षक म्हणजे राखणारा. "जंगल राखणारा माणूस. एकतीस वर्षं रोज पायी फिरून. ऑफिसर लोक जीपमधून येऊन जायचे."

पर्सेलबाई मोहनरावांकडे बघत राहिल्या. "त्यांना विचार," म्हणाल्या, "हे जंगल राखायला दिलं तर सगळ्यात आधी काय करतील?"

रत्नाने विचारलं. तिला वाटलं बाबा काहीतरी मोठं सांगतील. लागवड, औषध, जाळरेषा. ते म्हणाले, "हद्द चालून बघीन. सगळी. त्याच्याआधी कशाला हात लावायचा नसतो."

पर्सेलबाईंनी भाषांतर ऐकलं आणि ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल उचलून चेहरा पुसला. "माझा नवरा दर नव्या वर्षाला तेच करायचा," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि चहाचे ग्लास वाटत बोलल्या, "क्लबवाल्यांना हरणं हवीत. त्याच्या आधी एकाला फळ्या हव्या होत्या. साठ वर्षांत ह्या जंगलातून पॉयझन आयव्ही मागून नेणारे तुम्ही पहिलेच. घ्या बाबा, तुम्हीच घ्या." किंमत त्यांनी एका डॉलरने कमी केली नाही, ते वेगळं.

मग वकील, मालकीचं टायटल, जुन्या नकाशातली एक चूक. ती अर्थात रत्नानेच काढली आणि वकिलाला हैराण केलं. ऑफिसात बसून ती रोज कॅलेंडर बघायची. बाबांचं विमान नऊ ऑक्टोबरला. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी एकदाच्या सह्या झाल्या, आणि तिचा जीव भांड्यात पडला. वकिलाच्या ऑफिसमधून ते तडक तिथे गेले. रत्नाने दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, थर्मासमध्ये चहा आणला होता. तिच्या मनात चित्र पक्कं होतं. बाबा स्वतःच्या झाडाखाली आरामात बसलेत, हातात चहा, मालकासारखे.

बाबा वाटेवरच्या साखळीपाशी थांबले. "जाऊ आत?"

"मला काय विचारता? आता आपलंच आहे. तुम्ही मालक आहात, बाबा."

"मालक तू. कागदावर तुझं नाव आहे," ते म्हणाले, आणि साखळी ओलांडून गेले. खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही.

एक तास झाला. दीड झाला. परीक्षित ओढ्यात कयाक मावेल का हे पावलांनी मोजून आला, मावत नव्हता. अहिल्याबाई म्हणाल्या, "बस खाली. हे राउंडला गेले की असंच." पण रत्नाच्याने बसवेना. तिला वाईट वाटायला लागलं होतं. एवढी यातायात केली, आणि त्यांना दोन घटका शेजारी बसावंसं वाटलं नाही. नऊ दिवसांनी तर जाणार. पुन्हा येणार नाहीत हे त्यांनी सांगितलंच आहे. मग हे एक्केचाळीस एकर आपण कुणासाठी घेतलं?

दोन तासांनी ते पाइनच्या रांगेतून बाहेर आले. पँटभर कुसळं, शर्ट घामाने भिजलेला. सरळ रत्नासमोर येऊन उभे राहिले. खिशातून राधिकाच्या वहीचा फाडलेला कागद काढला, हात लांब धरून वाचायला लागले.

"राउंड पूर्ण. हद्दीच्या सहा खुणांपैकी पाच मिळाल्या, ईशान्येची मिळाली नाही. ओढ्याला पाणी आहे. वीज पडून दोन पाइन वाळलेत. हरणांचा वावर चांगला. मोराएवढे कसले तरी काळे पक्षी आहेत, बारा मोजले. चोरटी तोड नाही." कागदाची घडी घालून त्यांनी तो तिच्या हातात दिला. मालकाकडे द्यायचा असतो म्हणून.

रत्नाने घडी उघडून कागद पुन्हा वाचला.

"जाळरेषा नाही, ते बरं नाही," मोहनराव पुढे म्हणाले. आवाज असा की तिने तो मेळघाटानंतर ऐकलाच नव्हता. "फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस. तेव्हा गार्ड जागेवर नाही म्हणजे काय? तिकीट फेब्रुवारीचं काढ."

तिने नुसती मान हलवली. तीनदा.

"आणि खिडकीची सीट नको," बाबा खुर्चीत बसत, गुडघा चोळत म्हणाले. "सारखं उठावं लागते."